वामनभावजींच्या कानातला आवाज

निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर पाढे लिहीत होते. फोन मुख्याध्यापकबाईंच्या खोलीत आहे. शिपाईमामा तिथून आले आणि दारात नुसतेच उभे राहिले. एरवी ते व्हरांड्यातूनच "बाई, बोलावलंय" म्हणून ओरडतात. त्या दिवशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मी खडू खाली ठेवला. पुण्याच्या इस्पितळातून फोन होता. माझे धाकटे दीर वामन... ऑपरेशन पार पडलं होतं, पण शुद्ध आलीच नाही. मी मुलांना "पुढचं म्हणा" असं सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. मी जिना उतरून फाटकापर्यंत गेले तरी मागे मुलांचा बाराचा पाढा चालूच होता.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. लोणावळ्याच्या बाजारात भेटेल तो हळहळतो, "रेडिओवाले वामनराव गेले, चांगला माणूस होता." थोडी जुनी माणसं आवाज खाली आणून असंही म्हणतात, की भुताची गाणी ऐकायचं वेड होतं त्यांना. दोन्ही खरंच आहे. भावजी रेडिओ दुरुस्त करायचे, आणि अंतराळयानांच्या इंग्रजी सिनेमांत जे चमत्कारिक, यंत्रातून काढलेलं संगीत असतं त्याच्यावर त्यांचा जीव होता. गाण्याची आवड असलेल्या माणसाला हे कुठून सुचलं, असं लोकांना वाटे. ते कुठून आलं हे आमच्या घरात तिघांना माहीत होतं. आता दोघी उरलो आहोत, आणि त्यातल्या एकीला लिहिता येत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

आमचं गाव नाणे मावळातलं. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा भावजींना नुकतं मिसरूड फुटत होतं. भातखाचरं थोडी, भात निघाला की हाताला काम नाही, म्हणून माझे यजमान सदाशिव आणि त्यांच्या मागोमाग भावजी, दोघंही कुसगावच्या बाजूला एका ठेकेदाराच्या खाणीवर दगड फोडायला जात. भावजींचा गळा चांगला होता. भजनात त्यांनी चाल उचलली की म्हातारे बुवासुद्धा टाळ मांडीवर ठेवून गप्प बसत आणि पोराला पुढे जाऊ देत. सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्या गळ्याचा फार अभिमान. "माझा सदा कमवंल आन वामन्या गाईल," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

उन्हाळ्याचे दिवस होते. खाणीवर दुपारचे सुरुंग लावले, त्यातला एक फुटायचा राहिला. असा मुका सुरुंग राहिला की बराच वेळ कुणी जवळ फिरकायचं नाही, अशी रीत. पण मुकादमाला घाई होती. "बघून या रं कुणीतरी," म्हणाला, आणि यजमान पुढे झाले. भावजी त्यांच्या मागे गेले. दोघांच्या मध्ये एक मोठा धोंडा होता, त्या धोंड्यानं भावजींना वाचवलं. यजमानांना घरी आणलं ते घोंगडीत गुंडाळून. मला तोंड पाहू दिलं नाही. "नगं बघू, पोरी," एवढंच बायका म्हणत राहिल्या आणि मला धरून बसल्या. इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाचा विचार करायला गेले की माझं मन त्या घोंगडीपाशी येऊन थांबतं. तिच्या आत ते शिरत नाही.

पहिले काही दिवस भावजींना काहीच ऐकू येत नव्हतं. आम्ही रडत होतो तेही नाही. मग हळूहळू उजवा कान सुधारला, डावा थोडाफार आला, पण डाव्या कानात एक आवाज राहून गेला. मी तेव्हा परसात बसून असे, कुणाशी बोलत नसे. एकदा ते गोठ्यापाशी कानावर तळहात दाबून उभे दिसले, तेव्हा मीच विचारलं.

"भावजी, काय होतंय?"

"वाजतंय, वैनी. आतल्या आत."

"कसलं?"

त्यांनी तळहात कानावरून काढला. "टाळ आपटल्यावर मागं किणकिण ऱ्हाती न्हवं, तशी. पन ती विरून जाती. ही विरत न्हाई. त्या सुरुंगाचीच हाय ती. अजून संपला न्हाई त्यो."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून भीती वाटली असती. मला वेगळंच वाटलं. मला माझ्या नवऱ्याचं तोंड पाहायला मिळालं नव्हतं, पण ज्या क्षणी ते गेले त्या क्षणाचं काहीतरी अजून चालू होतं, आमच्याच घरात, ह्या पोराच्या कानात. मग मी रोज विचारायची. भांडी घासताना, जनावरांना पाणी पाजताना... "येतोय अजून?" आणि ते म्हणायचे, "येतोय की." कधी वैतागले नाहीत. आत्याबाईंनी हे ऐकलं होतं, पण त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. फक्त भजनाला जा म्हणायचं सोडून दिलं. टाळांचा आवाज भावजींना सोसेना, आणि गायला तोंड उघडलं तर आतली किणकिण आणि बाहेरचा सूर यांचं जमेना. "दोन सूर लागतात वैनी, आन त्यातला एकबी माझा नसतो," असं ते म्हणाले. त्यानंतर मी त्यांना गाताना ऐकलं नाही.

माझं माहेरी सातवीपर्यंत शिक्षण झालं होतं. आत्याबाईंनी मला पुढे मास्तरणीच्या शिक्षणाला घातलं. भावकी खूप बोलली. "एक पोरगा खाणीनं खाल्ला. सुनंला चुलीम्होरं मरू द्यायची न्हाई मला," एवढं बोलून त्यांनी भावकीकडे पाठ फिरवली. पुढे मला लोणावळ्याला नोकरी लागली, आणि आम्ही तिघं बाजाराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या घेऊन राहू लागलो. भावजींना कधीकधी चक्कर यायची, त्यामुळे अंगमेहनतीचं काम नको होतं. एका रेडिओच्या दुकानात ते आधी झाडलोट करायला लागले, मग मालकाच्या हाताखाली शिकले, आणि मालक गावी गेल्यावर ते दुकान त्यांच्याकडेच आलं.

आणि मग तो सिनेमा आला. गावातल्या टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी खेळ असे. बंगल्यांवर उतरलेली मुंबईची मंडळी आणि नौदलाची शिकाऊ पोरं तिथे जात, आमच्यासारखी माणसं क्वचित. भावजी टॉकीजचं ध्वनियंत्र दुरुस्त करायला गेले होते, तेव्हा सिनेमाचं एखादं रीळ चालवून पाहिलं गेलं. ते घरी आले तर पांढरेफटक पडलेले. मला म्हणाले, "वैनी, उद्या माझ्यासंगं सिनेमाला चला." तरुण विधवेने दिरासोबत सिनेमाला जायचं, तेही इंग्रजी... मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "जा," म्हणाल्या. "त्यो उगा म्हननार न्हाई."

गोष्ट मला नीटशी कळली नाही. एक यान कुठल्याशा ओसाड ग्रहावर उतरतं, चहूकडे धूळ, आणि त्या धुळीत माणसं कुणालातरी शोधत चालतात. पण ती चालायला लागली आणि पडद्यामागून जे आलं ते ना व्हायोलिन होतं, ना पेटी, ना बासरी. खालून वर सरकत जाणारा, मध्येच थरथरणारा एक सूर. विहिरीत पोहरा सोडावा आणि पाणी लागूच नये, दोर नुसता हातातून सरकत राहावा, तसं मला झालं. भावजींनी खुर्चीचा दांडा गच्च धरला होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हेच. वैनी, हेच हाय ते."

वाचकांना हे कसं सांगू? ज्या आवाजाबद्दल मी रोज विचारत होते, तो मी पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकत होते. माझ्या डोळ्यांपुढून पडदा गेला, ती धूळ खाणीतली झाली. मी उठले आणि बाहेर आले. टॉकीजच्या पायरीवर बसून रडले, आणि राग आला मला, त्या सिनेमावाल्यांचा. कुठल्या मुलखातली ती माणसं! त्यांनी हे कशातून काढलं, आणि गंमत म्हणून लोकांना ऐकवलं! भावजी खेळ संपेपर्यंत आतच होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा जत्रेहून आलेल्या माणसासारखा दिसत होता, दमलेला पण उजळ. ते माझ्या शेजारी थोडं अंतर ठेवून बसले.

"वैनी, मला वाटलं हुतं, ह्यो आवाज जगात फकस्त माज्याच डोक्यात हाय. येडा झालो म्हनून वाजतोय. आज दुसऱ्या कुनालातरी ठावं हाय म्हनून कळलं."

तो सिनेमा गावात होता तोवर ते प्रत्येक खेळाला गेले. मी पुन्हा गेले नाही. आणि गावात जे बोलायचं ते लोक बोलले. माझ्याबद्दल बोलले, त्यांच्याबद्दल बोलले. त्यांच्यासाठी सांगून आलेली एक मुलगी तळेगावची होती, ते स्थळ त्याच सुमारास मोडलं. मुलीच्या वडिलांनी बाजारात चौकशी केली होती म्हणे. भावजींनी पुढे लग्नाचा विषय काढू दिला नाही.

मला हे संगीत ऐकायला शिकवलं ते भावजींनी, पण जागा दिली ती रुस्तमजींनी. रुस्तमजी म्हणजे एकटे राहणारे एक म्हातारे पारशी गृहस्थ, त्यांचा बंगला वलवणच्या रस्त्यावर. त्यांचा रेडिओग्राम भावजींकडे दुरुस्तीला यायचा. त्यांचा पुतण्या परदेशातून त्यांना रेकॉर्डी पाठवी, त्यात एकदा अशाच एका सिनेमाच्या संगीताची रेकॉर्ड आली. रुस्तमजींनी ती वाजवली आणि कानांवर हात ठेवले. "वामन, आ शूं छे? मशीनला पोटात दुखते काय?" भावजी मात्र रेडिओग्रामपुढे मांडी घालून बसले होते. तेव्हापासून रुस्तमजींनी पुतण्याला कळवून खास तसल्याच रेकॉर्डी मागवायला सुरुवात केली. स्वतः ऐकायचे नाहीत. आम्ही गेलो की रेकॉर्ड लावून द्यायचे आणि बागेत गुलाबांना पाणी घालायला निघून जायचे. "डिकरा, तू ऐक. मला मरायच्या आधी शांत राहायचे आहे," असं म्हणायचे.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती आत्याबाईंनी पाठवलं म्हणून. भावजींना एकट्याला परत येताना चक्कर आली तर, अशी त्यांना धास्ती. मी दारापाशी स्टुलावर बसून विणकाम करायची. पण कान तर झाकता येत नाहीत. हळूहळू मला त्यात फरक कळू लागले. सुरुवातीच्या सिनेमांतले आवाज रानटी असत, किंचाळायचे, गुरगुरायचे. पुढेपुढे सिंथेसायझर नावाचं वाद्य आलं. त्याला पेटीसारख्या पट्ट्या असतात आणि पोटात सगळी वीज, असं भावजींनी मला त्याचं चित्र दाखवून सांगितलं. मग आवाज रुंद झाले, खोल झाले. एका रेकॉर्डवर नुसता एक खर्ज होता, फार वेळ लावलेला, त्यावर वर कुठेतरी काचेसारखे बारीक थेंब पडत राहायचे. ती त्यांची आवडती. त्याच वाद्यावर कुणी तुतारीची नाहीतर माणसाच्या गळ्याची नक्कल केली की ते नाराज व्हायचे. "यंत्रानं माणसाचं सोंग कशापायी आणायचं? त्याला त्याचं त्याचं बोलू दे की."

एकदा मी विचारलं, की तुम्हाला ह्याने त्रास नाही का होत? तो दिवस आठवत नाही का? त्यांनी रेकॉर्डवरची सुई अलगद उचलली.

"वैनी, ढोल घ्या, तबला घ्या, टाळ घ्या. आधी ठोका बसतो, मग आवाज येतो. सतारीचीबी तार आधी छेडायला लागती. कुनीतरी कशालातरी मारलेलं असतंय. हितं ठोकाच न्हाई. कुनी कुनाला मारलं न्हाई, कायबी फुटलं न्हाई, आन तरी आवाज आला. आईक..." आणि त्यांनी सुई पुन्हा ठेवली. तो खर्ज कुठे सुरू झाला ते मला कळलंच नाही. आधीपासूनच होता, आणि आता ऐकू येऊ लागला, असं वाटलं. मी विणकाम मांडीवर ठेवलं आणि त्या दिवशी ती बाजू पूर्ण ऐकली. रडू आलं नाही. आत खोल कुठेतरी घट्ट आवळलेलं होतं, ते थोडंसं सैल झालं. त्यानंतर मी आत्याबाईंनी न सांगताही जाऊ लागले.

माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाने चंद्राचा देखावा केला. पुठ्ठ्याचं यान, चुन्याची जमीन, गणपतीच्या मागे काळ्या कापडावर चांदण्या. मंडळाची पोरं भावजींकडे आली, "काका, तुमचे ते आवाज द्या." भावजींनी जुन्या रेडिओंचे सुटे भाग जोडून एक पेटी तयार केली होती. तिला हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. हात जवळ गेला की सूर चढायचा, लांब नेला की उतरायचा. देखाव्याच्या मागे पडद्याआड बसून ते ती वाजवू लागले. पहिल्या दिवशी गर्दी उसळली. बारकी पोरं किंचाळत पळायची आणि पुन्हा यायची. पण मोठ्या माणसांना ते रुचलं नाही. देवापुढे हे कसलं रडगाणं, असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं मसणात बसल्यासारखं वाटतंय. आणि तिसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांनी नेहमीची गाणी लावायला सांगितलं.

त्या आधी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आत्याबाई आल्या होत्या. त्या देखाव्यापुढे फार वेळ उभ्या राहिल्या. लोक येत होते, जात होते, त्या तिथेच. मग कनात बाजूला सारून त्या मागे गेल्या. मी त्यांच्याबरोबर होते. भावजींनी हात खाली घेतला, आवाज थांबला.

"हेच का रं वाजतंय तुझ्या कानात? सदाच्या दिसापासनं?"

"व्हय, आई."

त्या जमिनीवर बसल्या, पदर सावरला. "मग थांबलास का? वाजीव."

भावजींनी वाजवलं. आत्याबाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत बसल्या, कीर्तनाला बसतात तशा. लेक गेला तेव्हा त्या ऊर बडवून रडल्या होत्या, नंतर कधी नाही. त्या संध्याकाळीही त्या रडल्या नाहीत. उठताना गुडघ्यावर हात टेकून एवढंच म्हणाल्या, "लय दूर गेलाय रं पोरगा."

नंतरची वर्षं सांगायला मला जड जातं. भावजींचा डावा कान पार गेला. बाहेरचं काही ऐकू येईना, आतला आवाज मात्र वाढत गेला. चालताना ते भिंतीचा आधार घेऊ लागले. दुकानात एकदा स्टुलावरून पडले. मग चेहऱ्याची डावी बाजू बधिर झाली, चहा ओठांतून ओघळायचा आणि त्यांना कळायचं नाही. आम्ही ते सगळं त्या सुरुंगाच्याच खात्यावर टाकत होतो. इथल्या डॉक्टरांनीही गोळ्या दिल्या आणि जुनी इजा आहे म्हणाले. शेवटी माझ्या एका मैत्रिणीने पुण्याच्या कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, डोक्याचे फोटो काढले, आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

डॉक्टर हळू, स्पष्ट बोलले, भावजींच्या उजव्या बाजूला येऊन. कानाच्या आत, ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे. वर्षानुवर्षं सावकाश वाढते आहे. आता ती मेंदूला रेटते आहे. आवाज येतो, तोल जातो, तो तिच्यामुळे.

"न्हाई, त्यो सुरुंगाचा हाय," भावजी म्हणाले. "माझा दादा गेला त्या दिसापासनं हाय त्यो."

डॉक्टरांनी मान हलवली. "सुरुंगाने कान वाजले असतील. पण ते बहुतेक काही महिन्यांत थांबलं असेल. पुढे कधीतरी ह्या गाठीचा आवाज सुरू झाला. तुम्हाला तो एकच वाटला. आता जो ऐकताय तो ह्या गाठीचा आहे."

"मग पयला कवा थांबला?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

परतीच्या लोकलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. डबा जवळजवळ मोकळा होता. बेगडेवाडीला गाडी बराच वेळ थांबून राहिली. बाहेर ऊन होतं, एक बाई रुळांपलीकडे गोवऱ्या थापत होती. भावजी तिच्याकडे बघत होते. गाठीबद्दल, ऑपरेशनबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

"वैनी," ते म्हणाले, "दादा कवा गेला मग?"

मी मांडीवरचं डोक्याच्या फोटोंचं पाकीट बाजूला ठेवलं.

"तुमी रोज इचारायच्या, येतोय का. मी म्हनायचो, येतोय. त्यातला एक दिस असा असंल, की त्यो थांबला हुता, आन मला कळलंबी न्हाई. मी आपला व्हय म्हनलो. दादा गेला आन मी हे भलतंच जपत बसलो. ही गाठ..."  वाकडा झालेला ओठ थरथरत राहिला.

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लोक बघतील असं मनातही आलं नाही. माझाही तोच आवाज होता ना! तो कानात वाहत होते भावजी, पण मीही त्याच्याच आधाराने उभी होते. त्या मोकळ्या डब्यात मला वाटलं, यजमान आज गेले. त्यांची घोंगडी आज कुणीतरी उचलून नेली. गाडी सुटली तरी मी हात सोडला नाही.

त्यानंतर रुस्तमजींच्या बंगल्यावर ते गेले नाहीत. रुस्तमजी स्वतः काठी टेकत आले, नवी रेकॉर्ड आल्याचं सांगून गेले, तरी नाही. ऑपरेशन धोक्याचं होतं, न करणंही तितकंच धोक्याचं. ते हो म्हणाले. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मात्र दुपारी अचानक म्हणाले, "वैनी, रुस्तमजींकडं जाऊ या." मी त्यांना टांग्यातून नेलं. त्यांनी आवडती रेकॉर्ड लावायला सांगितली, तो खर्ज, ते काचेचे थेंब. उजवा कान स्पीकरकडे करून ते बसले. त्या दिवशी रुस्तमजीही बागेत गेले नाहीत. खिडकीशी उभे राहून त्यांनी पूर्ण बाजू ऐकली. रेकॉर्ड संपल्यावर भावजी म्हणाले, "चांगलंय हे. कानातल्यासारखं वाटतंय म्हनून न्हाई... नुसतंबी चांगलंय." आणि थोडं हसले, चेहऱ्याच्या ज्या बाजूला हसता येत होतं त्या बाजूने. रुस्तमजी म्हणाले, "हा डिकरा, सारू छे." त्यांनी रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली.

इस्पितळात मी त्यांना शेवटचं पाहिलं ते डोक्याचे केस काढलेले, गावी मुंज झालेल्या पोरासारखे. मी विचारलं, "येतोय आवाज?" सवयीने तोंडातून निघून गेलं. ते म्हणाले, "येतोय. पन आता त्याला कुनाचं नाव न्हाई." मग परिचारिका आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. शाळेची रजा संपली होती, म्हणून त्या मैत्रिणीला तिथे ठेवून मी रात्रीच्या गाडीने परतले.

आमच्या दोन खोल्यांत जेवायला बसायची एक पद्धत पडून गेली होती. भावजींचा डावा कान गेल्यापासून ते डावा खांदा भिंतीला लावून बसत, आणि आम्ही दोघी त्यांच्या उजव्या हाताला, एकीशेजारी एक. समोर कुणी बसायचं नाही, डाव्या बाजूला तर नाहीच. दिवस उलटले, पाहुणे गेले. आता मी आणि आत्याबाई दोघीच जेवायला असतो. खोलीत ऐसपैस जागा आहे, तरी आम्ही त्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसतो. भिंतीलगतचा भावजींचा पाट तसाच मांडलेला असतो. परवा मला आत्याबाईंना वाढायला अवघड जात होतं, म्हणून मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही जरा त्या भिंतीकडं सरका की."

त्यांनी घास हातातच धरला. त्या पाटाकडे पाहिलं.

"नगं," म्हणाल्या. "तिकडनं बोललेलं त्याला ऐकू येत न्हाई."

मी वाकून, त्यांच्या अंगावरून हात नेऊन त्यांच्या ताटात भात वाढला. मग त्यांच्या शेजारी बसून जेवले.